हात पाठीमागे

गोंदियाजवळच्या मुर्रीच्या बुद्धविहारात प्रशिक्षण सुरू झालं, त्या सकाळी सभागृहात दहा माणसं होती. आठ शिकणारे, एक शिकवणाऱ्या मॅडम आणि नोंदी घेणारा मी. अपंग माणसाला स्वतःच्या भरवशावर राहता यावं म्हणून कार्यकर्त्याने काय करायचं, हे तिथे शिकायचं होतं. सभागृहात अपंग माणूस एकही नव्हता. माझ्या त्या दिवशीच्या नोंदीत हे वाक्य नाही. चहाची वेळ आहे, सतरंज्यांची संख्या आहे, मॅडम पंधरा मिनिटं उशिरा पोचल्या हेही आहे.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. नव्या जिल्ह्यात नवे फलक लागत होते, नव्या योजना येत होत्या. त्यातच एका संस्थेचं हे तीन महिन्यांचं प्रशिक्षण आलं. मी एका दैनिकाच्या गोंदिया कार्यालयात बातम्या तपासायचो. पाळी संध्याकाळची, दिवस मोकळा. संस्थेला नेमकं आणि कमी लिहिणारा माणूस हवा होता.

मॅडम पुण्याच्या. फिजिओथेरपी शिकलेल्या, आवाज हळू आणि शिस्त कडक. आठ शिकणाऱ्यांपैकी दोघे पहिल्याच दिवशी लक्षात राहिले. एक म्हणजे एका डॉक्टरकडे वीस वर्षं काढलेले कंपाउंडर. त्यांना सगळे काकाजी म्हणत. दुसऱ्या बालवाडीच्या मास्तरीणबाई. काकाजींना समोरच्याचे कष्ट बघवत नसत आणि मास्तरीणबाईंना समोरच्याचं गप्प बसणं. दोघांचं मन फार चांगलं होतं. मॅडमना पुढे सर्वांत जास्त त्रास याच गोष्टीचा झाला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी विहारामागच्या गल्लीतल्या एका बाईंना बोलावलं. वय छत्तीस. लहानपणच्या पोलिओने दोन्ही पाय गेलेले. घरात त्या दोन हातांवर सरकत फिरत आणि बाहेर हाताने चालवायच्या तीनचाकीवर. धाकटा भाऊ त्यांना ‘बाई’ म्हणे, म्हणून सगळी गल्लीच बाई म्हणे. आम्हीही तेच म्हणू लागलो.

विहाराला दोन पायऱ्या होत्या. बाईंची तीनचाकी पायऱ्यांशी थांबली, तसे काकाजी उठले, त्यांच्यामागे आणखी तिघे उठले, आणि चौघांनी बाईंसकट सायकल उचलली.

“ठेवा खाली!” बाई ओरडल्या. “मिरवून कायले राहिले मले? नवरात्रातली शारदा बसायले अजून टाइम आहे.”

“तकलीफ होईल ना बाई तुम्हाले,” काकाजी म्हणाले.

“तकलीफ आता होऊन राहिली. सायकल तिरपी आहे, काकाजी.”

सायकल खाली ठेवली गेली. बाई उतरल्या, दोन्ही तळवे टेकून दोन पायऱ्या चढल्या आणि सतरंजीवर येऊन बसल्या. सायकल कुठे धरायची हे ठरवायला चौघांना जेवढा वेळ लागला होता, त्याहून हा वेळ कमी होता.

मास्तरीणबाईंनी वही उघडली आणि बाईंच्या मागून आलेल्या भावाला विचारलं, “ह्या हातानं जेवतात का?”

भाऊ उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच बाई म्हणाल्या, “त्याले काऊन विचारता, मास्तरीणबाई? त्याच्या ताटात काय आहे, हे तं त्याले मलेच सांगा लागते.”

सगळे हसले. भाऊही हसला. पण तो हसायला आला नव्हता. त्याला मॅडमना काही विचारायचं होतं, आणि त्याचा प्रश्न पुढचे तीन महिने आमच्या डोक्यावर राहिला.

ते दिवस टेलिफोन बूथचे होते. अपंगांना बूथ मिळत. बाई मॅट्रिक झालेल्या, अक्षर चांगलं, त्यांनी अर्ज केला होता. गोंदिया शहरात पानठेल्यांइतके बूथ झाले होते, तिथे जागा नव्हती. मिळाला तो अर्जुनी मोरगावला, बसस्टँडजवळ. गोंदियाहून पॅसेंजर गाडीने अडीच तास. बूथ पुढे आणि त्याच्या मागे एक खोली. बाईंना त्या खोलीत एकटीने राहायचं होतं. अर्ज भरताना त्यांनी हे घरात सांगितलं नव्हतं. मंजुरीचं पत्र आल्यावर सांगितलं.

“बूथ कोणी चालवो,” भाऊ म्हणाला. “मी ठेवतो पोरगा एखादा. पण बाई तिथं एकटी राहीन कशी? पाणी कोण आणीन? पडली-बिडली तं? अन् लोक काय म्हणतील, बायको आली अन् बहिणीले बाहेर काढलं.”

“लोक फोन लावाले येतील, तवा मी सांगीन त्यांले,” बाई म्हणाल्या.

“तू चूप राय, बाई.”

“अजून चूप राहू? छत्तीस वर्षं झाले.”

भाऊ राईस मिलमध्ये मशीनवर होता. सरळ माणूस. त्याने मॅडमसमोर अट ठेवली. तुम्ही म्हणता ना की शिकवता? तर शिकवा. शेवटी परीक्षा घ्या, कागदावर गुण द्या. पास झाली तर राहू दे अर्जुनीला. नापास झाली तर बूथ परत करू आणि बाई घरी.

“पासिंग किती?” मॅडमनी विचारलं.

“साठ.”

“मॅट्रिकला तर पस्तीस असतात.”

“मॅट्रिक नापास झालं तं पोट्टं पुन्हा बसते. इथं बहीण आहे माही.”

बाईंनी कबूल केलं. परीक्षेची यादी तयार करायचं काम माझ्याकडे आलं. पुण्याहून आलेल्या छापील कागदांवरून मी पन्नास कामांची यादी केली. स्वतः केलं तर दोन गुण, मदतीने केलं तर एक, नाही तर शून्य. एकूण शंभर. भाषा स्वच्छ होती, दोन अर्थ निघण्याची सोय कुठेच नव्हती. मला ती यादी आवडली होती.

प्रशिक्षणाचा पहिला नियम मॅडमनी फळ्यावर लिहिला: हात पाठीमागे. अपंग माणूस काम करत असताना कार्यकर्त्याने हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. उचलायचं नाही, ओढायचं नाही, भरवायचं नाही. ऐकायला सोपं होतं. बाई पोळ्या लाटत असताना काकाजींनी हात पाठीमागे बांधले, आणि पोळी तव्यावर पडली तशी मान पुढे काढून तिच्यावर फुंकर घातली.

“हे काय?” मॅडम म्हणाल्या.

“हात नाही लावला, मॅडम. आदत से मजबूर.”

मग मॅडमनी एक दिवस उलटा खेळ ठेवला. प्रत्येकाने अर्धा दिवस पाय ओढणीने बांधून बसायचं आणि दुसऱ्याने त्याची काळजी घ्यायची. काकाजी मास्तरीणबाईंच्या वाट्याला आले. मास्तरीणबाईंनी त्यांना भिंतीशी बसवलं, पाठीला उशी लावली, रुमालाने तोंड पुसलं आणि वरणभात कालवून घास पुढे केला.

“हात चांगले आहेत माझे,” काकाजी म्हणाले.

“हो हो. आ करा.”

“लोणचं द्या थोडंसं.”

“तिखट नको. तब्येत बरी नाही ना तुमची.”

“तब्येतीले काय झालं माझ्या? पाय बांधले फक्त!”

“चिडू नये असं. बरं होईल सगळं.”

बाई दारात बसून बघत होत्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुपारी पाय सुटल्यावर काकाजी लोणच्याची बरणी घेऊन बसले. त्यानंतर त्यांनी मदत करणं थांबवलं. इतकं थांबवलं, की तीच अडचण झाली.

तीन महिने संपताना परीक्षा अर्जुनीच्या खोलीतच घ्यायची ठरली. मी कार्यालयात एक दिवसाची सुटी टाकली. सकाळच्या पॅसेंजरने निघालो. भावानेही मिलमधून रजा घेतली होती. गोंदिया स्टेशनवर तीनचाकी हमालांनी सामानाच्या डब्यात चढवली. बाई फलाटावर डब्याच्या दाराशी बसल्या. जवळ एक मोठी पिशवी, तीत तांदूळ, डाळ, पातेलं आणि तवा. भोवती आठ कार्यकर्ते, आठांचे हात पाठीमागे.

“काकाजी, पिशवी धरा,” बाई म्हणाल्या.

काकाजी हसले. त्यांना ही परीक्षा वाटली.

“काकाजी, मी चढेपर्यंत पिशवी धरा.”

“नाही बाई. तुम्हाले जमते. तुम्ही कराल.”

“मले चढणं जमते. पिशवी घेऊन नाही जमत. धरा ना!”

“मॅडमनं सांगतलं आहे,” काकाजी म्हणाले आणि पाठीमागचे हात आणखी घट्ट धरले. मास्तरीणबाई मान हलवून धीर देत होत्या. गाडीने शिटी दिली. भाऊ सामानाच्या डब्याकडे गेला होता, मॅडम तिकिटं घेऊन मागून येत होत्या, आणि माझ्या एका हातात वही होती, दुसऱ्यात पेन. शेवटी एका शेंगावाल्याने टोपली खाली ठेवली, पिशवी उचलून डब्यात टाकली आणि आम्हा सगळ्यांकडे बघून तो हिंदीत म्हणाला, “कैसे लोग हो भाई!” बाई दाराचा दांडा धरून एका झटक्यात वर चढल्या. त्यांच्यामागून आम्ही चढलो. गर्दीत हात पाठीमागे ठेवून डब्यात चढता येत नाही, हे तेव्हा कळलं.

आत जागा मिळाल्यावर सगळ्यांनी पुन्हा हात बांधले. समोरच्या बाकावरच्या एका आजींनी हे बराच वेळ पाहिलं. मग त्या बाईंकडे वाकून म्हणाल्या, “काऊन वं, पुलिस धरून नेऊन राहिले का तुले?”

“नाही आजी. मी एकटी कशी राहीन, हे पाहाले येऊन राहिले.”

“इतके जण?”

“हो नं.”

“अन् यायचे हात कायले बांधले?”

“मदत होऊ नये म्हणून.”

आजींनी आठही जणांकडे एकदा पाहिलं आणि खिडकीकडे तोंड केलं. सौंदड स्टेशनवर मॅडमनी काकाजींना विचारलं, “पिशवी का नाही धरलीत?”

“तुम्हीच तं म्हटलं, हात पाठीमागे.”

“त्यांनी मागितलं होतं ना?”

“मागितलं होतं.”

“मग?”

काकाजींनी विचार केला. “मले वाटलं, त्यांच्या भल्यासाठी नाही द्यावं.”

“पायऱ्यांशी सायकलसकट उचललं, तेही भल्यासाठीच होतं,” बाई म्हणाल्या. “तवाही मले नाही विचारलं, अन् आजही माहं नाही ऐकलं.”

मी हे वहीत लिहून घेतलं. सौंदड ते अर्जुनी या प्रवासाची नोंद तेवढीच आहे.

अर्जुनीची खोली एका शेतकरणीच्या घराला लागून होती. घरमालकीण साठीच्या आसपासची, एकटी. मुलगा नागपूरला कारखान्यात कामाला. बाई खोली लावायला आधी दोनदा येऊन गेल्या होत्या; तिला त्या मावशी म्हणत. खोलीत एक चूल, एक रॉकेलचा स्टोव्ह, भिंतीला खालच्या अंगाला ठोकलेली फळी. रस्त्यापलीकडे हातपंप. आम्ही भिंतींना लागून बसलो. मी यादी काढली. भाऊ दाराशी उभा राहिला.

पहिली पंधरा कामं भराभर झाली. स्वयंपाक, भांडी, कपडे, केर, औषध वेळेवर घेणं, पत्र लिहिणं. दोन, दोन, दोन. त्यानंतर माझी यादी पुण्याच्या घरात शिरली. माळ्यावरून वस्तू काढणं. बल्ब बदलणं. गॅसचं सिलिंडर बदलणं. पंखा पुसणं.

“पंखाच नाही इथं,” बाई म्हणाल्या.

“पंखा नाही, म्हणजे पुसता येत नाही,” मी म्हणालो. “शून्य.”

“मावशीकडंही नाही पंखा. तिले किती?”

मास्तरीणबाईंनी सुचवलं की तिथे ‘लागू नाही’ लिहावं. मी यादीच्या सूचना वाचून दाखवल्या. ‘लागू नाही’ची सोय त्यांत नव्हती. मग बसमध्ये उभ्याने प्रवास आला. मग बादलीभर पाणी उचलून घरात आणणं.

“पाणी मावशी आणते,” बाई म्हणाल्या. “रोज सकाळी दोन गुंड. माहं बोलणं झालं तिच्याशी.”

गुंड म्हणजे तिकडची पाण्याची घागर. मावशी दारातून म्हणाली, “हो. मी माहे भरतो, त्यातच हिचे दोन.”

“तुम्ही स्वतः किती भाग घेता?” मी विचारलं.

“मी ठरवलं ना.”

“ठरवण्याला गुण नाहीत,” मी म्हणालो.

हे वाक्य माझ्या वहीत माझ्याच अक्षरात आहे. ते खोडावं असं नंतर अनेकदा वाटलं. पण नोंद म्हणजे नोंद.

बेरीज चौपन्न आली. मी ती दोनदा केली.

“नापास,” भाऊ म्हणाला. हळूच म्हणाला. जिंकल्यासारखा तो दिसत नव्हता. स्टोव्हवर बाईंनी आमच्यासाठी ठेवलेला चहा उकळत होता. काकाजी खाली बघत होते. त्यांचे हात कधी सुटून मांडीवर आले, ते त्यांनाही कळलं नसावं.

बाईंनी चहा गाळला, सगळ्यांना दिला, पदराला हात पुसले आणि भावाकडे पाहिलं.

“बाबू, आता तू बैस.”

“मी कायले?”

“बैस तं खरं. पेपरवाले भाऊ, यादी वाचा. पहिल्यापासून.”

मॅडमनी मला मानेने खूण केली. मी नवा कागद घेतला.

“चहा करणे,” मी वाचलं.

“बायको करते,” भाऊ म्हणाला.

“तुम्हाला येतो का?”

“काम नाही पडलं कधी.”

“शून्य,” मास्तरीणबाई म्हणाल्या. प्रश्न मी विचारत होतो, उत्तर भाऊ देत होता, तरी त्यांना राहवलं नाही.

“भात शिजवणे.”

“येते!”

“एका वाटीले पाणी किती?” बाईंनी विचारलं.

भावाने मावशीकडे पाहिलं. मावशीने छताकडे पाहिलं. “भात बुडीन इतकं,” तो म्हणाला.

“भात का तांदूळ?”

“एकच ना ते!”

“दिवसभर मिलमधून पोते काढतो,” बाई आम्हाला म्हणाल्या, “अन् एक वाटी शिजवता येत नाही.”

हशा इतका झाला की रस्त्यावरून जाणारी दोन माणसं आत डोकावली. शर्टाचं तुटलेलं बटण लावणे: बाई. औषध वेळेवर घेणे: बायको आठवण देते, एक गुण. पत्र लिहिणे: बाई. कपडे धुणे: बायको. पण पाण्याच्या बादलीला त्याला दोन मिळाले, सिलिंडरला दोन, बसमध्ये उभं राहायला दोन, पंख्याला दोन. बेरीज सेहेचाळीस.

“माझेही घ्या,” काकाजी म्हणाले. “मी बसतो.” त्यांना त्रेचाळीस पडले. मिसेस माहेरी गेली की ते हॉटेलात जेवत. मावशीला फोन लावता येत नव्हता, फॉर्म भरता येत नव्हता आणि ती एकटी कधी नागपूरला गेली नव्हती. तिला अठ्ठावन्न. “दोन कमी?” ती म्हणाली. “आता मले कुठं पाठवता?” माझे गुण कोणी विचारले नाहीत. रात्री गोंदियाला पोचल्यावर मी ते काढले. बाईंपेक्षा सहा कमी होते.

मग मॅडम उठल्या. त्यांनी माझ्याकडून बाईंचा कागद घेतला, पट्टी मागितली आणि उजव्या बाजूला एक उभी रेघ मारली. वर लिहिलं: हे काम कोणी, कधी आणि कसं करायचं, हे कोण ठरवतं?

“पुन्हा वाचा,” त्या मला म्हणाल्या.

मी वाचत गेलो आणि बाई उत्तरं देत गेल्या. स्वयंपाक? मी. कपडे? मी. पाणी? मी. बल्ब? “मागच्या वेळी बसस्टँडवरच्या सायकलवाल्याले बोलावलं होतं. मी.” प्रवास? “कोणत्या गाडीनं यायचं ते आज मीच ठरवलं. तुम्ही सारे माह्या मागून आले.” रकाना खालपर्यंत ‘मी’ने भरला. भावाच्या कागदावरही तशीच रेघ मारली, तर तिथे ‘बायको’ आणि ‘बाई’ हे दोन शब्द आलटून पालटून आले.

भावाने दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. मग त्याने खरा प्रश्न विचारला. तो इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याने बहिणीला विचारला, मॅडमना नाही.

“बाई, मावशी बिमार पडली तं? पाणी?”

“तं तिच्या पोराले फोन लावीन, का माय बिमार आहे, ये. अन् पाण्यासाठी समोर चायवाला आहे. त्याच्याशी बोलून ठेवलं. त्याच्या घरचे फोन माह्याकडं येतील, तो दोन गुंड आणीन.”

“अन् तू बिमार पडली तं?”

“तं तुले फोन लावीन. मिलमध्ये. तवा ये. रोज नोको येऊ.”

मावशी मध्येच बोलली. मुलाचा फोन पूर्वी बाजारातल्या एका दुकानात येई. निरोप मिळून ती पोचेपर्यंत फोन कट झालेला असे. वर्षभरात ती मुलाशी चार वेळा बोलली होती. “इथं बूथ झाला तं ही मले भिंतीतून हाक मारीन,” ती म्हणाली. “दोन गुंडाचं काय घेऊन बसले तुम्ही?”

भावाने चौपन्नचा कागद माझ्यापुढे सरकवला. मग मला म्हणाला, “लिहून द्या.”

“काय?”

“साठच्या वर आहे म्हणून. आता झाले असतील ना? गल्लीत दाखवा लागते. नाही तं म्हणतील, हाकलून देलं.”

मी त्याला सांगितलं की नव्या रकान्याला गुण नाहीत, त्यामुळे आकडा लिहिता येणार नाही. जुना आकडा चौपन्न आहे आणि तो बदलता येणार नाही. भावाचा चेहरा पडला. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. काकाजी म्हणाले, “अरे भाऊसाहेब, पिशवी धरा ना!”

मी आकडा लिहिला नाही. कोऱ्या कागदावर एका ओळीत लिहिलं की यांची परीक्षा घेतली आणि या अर्जुनी मोरगावला एकट्या राहण्यास पास आहेत. खाली मॅडमनी सही केली. भावाने कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. खिशाचं बटण तुटलं होतं. बाईंनी ते पाहिलं आणि चहाची भांडी गोळा केली.

परतीच्या गाडीला वेळ होता. निघताना भावाने कोपऱ्यातला रिकामा गुंड उचलला आणि तो हातपंपाकडे जायला वळला.

“ठेव तो,” बाई म्हणाल्या.

“जाता जाता भरून देतो, बाई. एकच.”

“मावशीनं नाही आणलं तं मी तिचा फोन कायले घेऊ? बोलणं झालं आहे आमचं. ठेव.”

भावाने गुंड जागेवर ठेवला. हातांचं काय करावं, हे त्याला सुचेना. मग त्याने आमच्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे नेऊन बांधले. तसाच तो रस्त्याच्या वळणापर्यंत गेला.

यादी पुढे बदलली. उजवीकडचा रकाना डावीकडे आला आणि पंखा गेला. सात-आठ वर्षांनी मोबाइल घराघरांत पोचले, बूथ बंद पडू लागले, आणि बाईंनी त्याच खिडकीतून रिचार्ज विकायला सुरुवात केली. खोली तीच राहिली. मावशी पाणी आणत राहिली, मुलाचा फोन तिच्या कमरेच्या पिशवीत वाजू लागल्यावरही.

पण मला आठवतो तो बूथ सुरू झाल्यानंतरचा एक दिवस. पाहणीसाठी मी आणि काकाजी अर्जुनीला गेलो होतो. काकाजी दारातच थांबले आणि त्यांनी विचारलं, “बाई, काही करू का?” बाई म्हणाल्या, “हो, बसा.” ते बसले. तेवढ्यात फोन वाजला. मुर्रीहून भाऊ बोलत होता. वहिनी दोन दिवस माहेरी गेली होती आणि पोरांना भूक लागली होती. आवाज इतका मोठा होता की आम्हालाही ऐकू येत होतं.

“बाई, तांदूळ धुतला. पाणी किती टाकू?”

“वाटी कोणती घेतली?”

“कोणती म्हणजे? वाटी.”

“जिच्यानं तांदूळ मोजला, तिच्यानंच दोन वाट्या पाणी टाक. झाकण ठेव. मंधामंधात उघडून पाहू नोको.”

“बस?”

“बस. मीठ टाकलं?”

पलीकडून डबे हलवल्याचा आवाज आला.

“डाव्या हाताले, खालच्या फळीवर,” बाई म्हणाल्या. “निळ्या झाकणाचा.”

“सापडला!”

“मदतीनं,” बाई म्हणाल्या. “एक गुण.” आणि फोन ठेवला.